विषादरोग आणि आपलें अन्न

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडपांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत खिन्नतेच्या रोगावर बोलावयास उभें राहणें कित्येकांस विजोड वाटेल. देवळावर पताका लागल्या आहेत, अंगणांत मंडप उभा आहे, आणि मागच्या बाजूस रविवारच्या जेवणाची तयारी चालली आहे. अशा वेळीं आजाराची गोष्ट कशाला, असा प्रश्न आमच्याहि मनांत आला. परंतु रविवारीं याच मंडपांत ज्यांचें पान मांडलेलें असेल आणि तरीहि जीं माणसें घराबाहेर पडणार नाहींत, त्यांची आम्हांस आठवण झाली. अशीं माणसें प्रत्येक धर्मग्रामांत असतात. तीं तापानें फणफणलेलीं नसतात, त्यांचा हातपाय मोडलेला नसतो. म्हणून त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. आजचे हे चार शब्द त्यांच्याकरितां आहेत, आणि त्याहूनहि अधिक, त्यांच्या घरच्या मंडळींकरितां आहेत.

ज्या रोगाला हल्लीं सर्रास ‘डिप्रेशन’ म्हणतात, त्याला आपण येथें विषादरोग म्हणूं. दुःख आणि विषादरोग हीं एक नव्हेत. घरांत मृत्यु झाला, पीक बुडालें, मुलाची नोकरी गेली, तर माणूस रडतो, त्याचें अन्नावरचें मन उडतें; पण शेजारी येऊन बसला तर त्याला दोन घटका बरें वाटतें, नातवंड मांडीवर आलें तर हंसूं येतें, आणि दिवस जातात तसतसा भार हलका होतो. विषादरोगांत तसें होत नाहीं. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक भाग मन काळवंडलेलें राहतें किंवा कशांतच गोडी वाटत नाहीं. झोंप तुटते किंवा अति येते. भूक मरते, क्वचित् अति वाढते. अंगांत त्राण राहत नाहीं. आपण सर्वांस भार झालों आहों असें वाटूं लागतें. आणि मरण बरें, असा विचार डोकावूं लागतो. बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं सुमारें वीस प्रौढ माणसांमागें एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा रोग गांठतो. रविवारच्या मिस्सेला भरलेले तीन बांक मोजा. त्यांत एक मनुष्य असा निघावयाचा.

हा रोग पाप नव्हे, आळस नव्हे आणि श्रद्धेचा अभावहि नव्हे. हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण रोग्याला हीं तिन्ही दूषणें बहुधा घरांतच ऐकावीं लागतात.

आतां अन्नाकडे येऊं. भूक मरणें हें या रोगाचें एक लक्षण आहे. पण घरच्या माणसांस तेंच रोगाचें कारण वाटतें. “खात नाहीं म्हणून असा झाला,” असें आपण म्हणतों. पुष्कळदां खरी गोष्ट उलट असते: असा झाला म्हणून तो खात नाहीं. या एका उलटापालटीमुळें किती घरांत किती महिने वायां जातात, याचा दाखला आम्हांस दूर शोधावयास नको. तो आमच्या स्वतःच्या घरचा आहे, आणि तो सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. पण सांगणें प्राप्त आहे.

आम्ही वैद्यकीचा व्यवसाय करणारे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या बहिणीला हा रोग जडला. आई गेल्यावर तिनेंच आम्हां भावंडांस वाढविलें. पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापणारी, मिस्सा कधीं न चुकविणारी, शेजारणीच्या दुखण्याला रात्रभर उशाशीं बसणारी ही बाई हळूहळू गप्प झाली. पान पुढें केलें कीं दोन घांस खाऊन उठे. रात्रीं तीन वाजतां जागी होऊन ओट्यावर बसून राही. आम्हीं तिची नाडी पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, आणि ठरविलें कीं अशक्तपणा आहे. मग काय विचारतां! टॉनिकच्या बाटल्या आल्या, प्रथिनांच्या भुकटीचे डबे आले, बदाम-पिस्ते आले. परदेशीं असलेल्या एका नातलगानें माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठविल्या. ती सर्व कांहीं मुकाट्यानें घेई, भावाचें मन मोडूं नये म्हणून. पैसा गेला त्याचें कांहीं नाहीं. पण असे चार महिने गेले.

एके दिवशीं आमची पुतणी हातांत रुमालाची एक गांठ घेऊन आली. आत्यानें तिला आपली जपमाळ, आमच्या आईचीं कर्णफुलें आणि पोस्टाचें पुस्तक दिलें होतें. “मला आतां हें लागणार नाहीं,” असें ती म्हणाली होती. पोरीला आनंद झाला होता. आम्हांस मात्र घाम फुटला. आवडत्या वस्तु अशा वांटून टाकणें याचा अर्थ काय असूं शकतो, हें आम्ही पुस्तकांत वाचलेलें होतें. घरांत पाहिलें नव्हतें. त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्हीं तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलें.

त्या डॉक्टरांनीं दोन कामें केलीं. औषध सुरू केलें, आणि रक्त तपासावयास सांगितलें. तपासणींत ब-१२ हें जीवनसत्त्व फारच कमी निघालें. मधुमेहाकरितां ती कित्येक वर्षें मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेत होती. त्या गोळ्यांनीं कांहीं लोकांच्या शरीरांतील ब-१२ कालांतरानें घटतें, हें आमच्या ध्यानांत यावयास पाहिजे होतें. इतक्या बाटल्या दिल्या, पण शरीरांत उणें काय आहे तें आम्हीं एकदांहि तपासलें नव्हतें! ब-१२ चीं इंजेक्शनें झालीं. हातापायांना येणाऱ्या मुंग्या कमी झाल्या. परंतु मनावरचा अंधार तेवढ्यानें गेला नाहीं. तो औषधानें, डॉक्टरांशीं वेळोवेळीं झालेल्या बोलण्यानें आणि घरच्यांच्या सोबतीनें, आठवड्यांमागून आठवडे जाऊन, हळूहळू विरळ झाला. एके सकाळीं तिनें आपण होऊन विचारलें, “बाजारांत आज ताजे बोंबील आले आहेत काय?” त्या दिवशीं आमच्या घरांत जो आनंद झाला, तो आम्हीं मोठमोठ्या सणांनाहि पाहिला नव्हता.

या प्रसंगानें आम्हांस दोन गोष्टी शिकविल्या. अन्नांतील उणीव ही मनाच्या रोगांत खरोखरच असूं शकते, म्हणून ती शोधली पाहिजे. आणि ती भरून काढली म्हणजे सर्व रोग गेला असें होत नाहीं, म्हणून उपचार थांबवितां कामा नये. आज आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच. पुढें जें येईल तें याचाच विस्तार आहे.

अन्नानें मन बरें होतें ही समजूत निराधार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वैद्यकाच्या इतिहासांत तिला भक्कम आधार आहे. पेलाग्रा नांवाचा एक रोग आहे. स्पेन देशांत गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं तो प्रथम ओळखला. पुढें उत्तर इटालींतील मक्यावर निर्वाह करणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत तो फार माजला. कातडी काळवंडून सोले, जुलाब लागत, मन खिन्न होई, बुद्धि भ्रमे आणि शेवटीं मृत्यु येई. असे रोगी वेड्यांच्या इस्पितळांत भरलेले असत. लोक म्हणत, हा सांसर्गिक रोग आहे. १९१४ सालीं अमेरिकन सरकारनें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस चौकशीस धाडलें. त्यांच्या नजरेस एक साधी गोष्ट आली: त्याच इस्पितळांत राहणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना हा रोग होत नाहीं. मग संसर्ग कसला? भेद होता तो ताटांतील. त्यांनीं अनाथाश्रमांतील मुलांना व इस्पितळांतील रोग्यांना दूध, अंडीं, मांस आणि कडधान्यें देवविलीं, आणि पेलाग्रा हटला. १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांनीं त्यांतलें नेमकें द्रव्य, नायासिन, शोधून काढलें. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर, केवळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या मजुरांत, हा रोग आढळला. आणि १९६० च्या सुमारास हैदराबाद येथें डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा संबंध ज्वारींतील ल्यूसीन या द्रव्याच्या आधिक्याशीं जोडला.

दुसरा दाखला तर आपल्या मुंबईचाच आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणीं रक्तक्षयानें मरत, त्याचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. परळच्या हाफकीन संस्थेंत काम करून, या स्त्रियांच्या घरचें जेवण बारकाईनें पाहून, त्यांनीं १९३१ सालीं दाखवून दिलें कीं मार्माइट या स्वस्त यीस्टच्या अर्कानें हा रक्तक्षय बरा होतो. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक ॲसिड या नांवानें जगाला कळलें. आज जगभर गरोदर स्त्रियांना जी गोळी देतात, तिच्या शोधाची सुरुवात मुंबईच्या चाळींतील स्त्रियांच्या ताटापासून झाली, ही गोष्ट आपल्यांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल.

असे विजय डोळ्यांपुढें असल्यावर, प्रत्येक खिन्न मनाच्या मुळाशीं कसलें तरी जीवनसत्त्व कमी असलें पाहिजे, अशी आशा लोकांस वाटली तर नवल नाहीं. दुकानांतील भुकट्या व गोळ्या याच आशेवर विकल्या जातात. परंतु आशा कितीहि गोड असली तरी तिची परीक्षा करावी लागते. ती अलीकडे झाली आहे, आणि तिचा निकाल आपण पाहूं.

प्रथम अन्नाचा निकाल. २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील फेलिस जॅका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषादरोगानें पीडलेलीं, आणि ज्यांचा रोजचा आहार निकृष्ट होता अशीं ६७ माणसें त्यांनीं घेतलीं व चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची वांटणी केली. ३३ जणांना आहारतज्ज्ञानें बारा आठवड्यांत सात वेळां भेटून जेवण सुधारावयास शिकविलें: न सडलेलीं धान्यें, भाज्या, फळें, कडधान्यें, मासे, अंडीं, सुका मेवा, ऑलिव्हचें तेल, आणि मिठाई, तळण, मैद्याचे पदार्थ व गोड पेयें यांस फांटा. उरलेल्या ३४ जणांशीं तितक्याच वेळां कोणी तरी येऊन आपुलकीच्या गप्पागोष्टी केल्या, पण आहाराविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. बारा आठवड्यांनीं पहिल्या गटांत सुमारें ३२ टक्के माणसें रोगाच्या लक्षणांतून जवळजवळ मुक्त झालीं. दुसऱ्या गटांत ८ टक्के. प्रयोग लहान होता, आणि आपल्याला काय मिळत आहे हें रोग्यांना कळत होतें, म्हणून यावर मोठी इमारत बांधूं नये. तरी एक गोष्ट विसरतां कामा नये: त्या ६७ पैकीं ५५ माणसें आधींपासूनच औषध किंवा मानसोपचार घेत होतीं. चांगलें अन्न उपचाराच्या जोडीला दिलें होतें. उपचाराच्या जागीं नव्हे. आणि तें अन्न बाजारांत मिळणारें साधें अन्न होतें.

आतां गोळ्यांचा निकाल. २०१९ सालीं युरोपांतील चार देशांत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष बाहेर आला. स्थूल व थोडीशी खिन्नता असलेलीं, पण रोग न जडलेलीं १०२५ माणसें त्यांत होतीं. त्यांच्यापैकीं निम्म्यांस वर्षभर रोज माशाचें तेल, सेलेनियम, फोलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम दिलें. निम्म्यांस दिसावयास तशाच पण पोकळ गोळ्या दिल्या. विषादरोग टाळण्यांत कांहींएक फरक पडला नाहीं. अमेरिकेंत पन्नाशी उलटलेल्या १८,३५३ माणसांवर पांच वर्षांहून अधिक काळ ड जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. २०२० सालीं निकाल लागला कीं त्यानें विषादरोग टळत नाहीं व मनःस्थितीहि सुधारत नाहीं. त्याच प्रयोगांत माशाच्या तेलानेंहि संरक्षण मिळालें नाहीं. आणि मुंबईंत ज्याचा माग लागला तें फोलिक ॲसिड? वेल्समध्यें ४७५ विषादरोग्यांवर तें औषधाच्या जोडीला देऊन पाहिलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं उपयोग झाला नाहीं. माशाच्या तेलाबद्दल एवढें म्हणतां येईल कीं, ज्यांत ईपीए हा घटक अधिक आहे असें तेल औषधाबरोबर घेतल्यास कांहीं रोग्यांस थोडा लाभ होतो असें कित्येक प्रयोगांत दिसलें आहे. पण तो लाभ लहान आहे, आणि सर्व प्रयोगांचा सूर एक नाहीं.

या दोन निकालांत विरोध भासतो, पण तो खरा नाहीं. पेलाग्राचे रोगी आणि मुंबईच्या गिरणींतील स्त्रिया यांच्या शरीरांत तें द्रव्य उणें होतें; म्हणून तें मिळतांच गुण आला. युरोपच्या व अमेरिकेच्या प्रयोगांतील बहुतेक माणसांत तसें कांहीं उणें नव्हतें. म्हणून वरून कितीहि ओतलें तरी ओसंडून गेलें. रिकाम्या रांजणांत पाणी घातलें तर घर तहानेंतून वांचतें. भरलेल्या रांजणांत घातलें तर अंगण ओलें होतें. म्हणून आमचें मागणें असें कीं, रांजणाचें झांकण आधीं उघडून पाहा.

तें कसें पाहावें? मनोविकाराची शंका आली म्हणजे डॉक्टरांस विचारून कांहीं साध्या तपासण्या कराव्या: रक्तांतील हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि थायरॉइड ग्रंथीचें काम. थायरॉइड मंद झाली तरी मनुष्य सुस्त व खिन्न होतो, आणि त्यावर टॉनिकाचा कांहीं इलाज चालत नाहीं. ब-१२ ची उणीव तर आपल्या प्रांतांत अत्यंत सामान्य आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनें पुणें शहर व आसपासचीं खेडीं येथील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळलें. हें जीवनसत्त्व मांस, मासे, अंडीं व दूध यांतच मिळतें. आपण मासे खाणारे लोक, म्हणून आपणांस भय नाहीं, असें मात्र मानूं नका. उतारवयांत पोटाची तें शोषून घेण्याची शक्ति कमी होते. मेटफॉर्मिन घेणारे, व आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षें घेणारे, यांच्यांतहि तें घटूं शकतें. अशांनीं विचारून तपासणी करून घ्यावी.

आपल्या चुलीवर काय शिजावें, याविषयीं फार सांगणें नको, कारण आपल्या आजीबाईंचें जेवण आजच्या तज्ज्ञांच्या सांगण्याशीं बरेंच जुळतें. तारली आणि बांगडा हे स्वस्त मासे. महाग माशांहून त्यांच्यांतच तें उपयुक्त तेल अधिक. वाल, मूग, चवळी हीं कडधान्यें, लाल माठ व शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, शेंगदाणे, तीळ, हंगामाचीं फळें. पालेभाजी फार वेळ शिजवून पाणी फेंकून देऊं नये. फोलिक ॲसिड त्या पाण्याबरोबर जातें. जेवणाला लागून चहा घेऊं नये. त्यानें अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं. दुःखाची गोष्ट ही कीं, हीच माणसें एकटीं पडलीं, मुलें परदेशीं गेलीं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पांढरा पाव व चहा यांवर दिवस काढतात. एकाच माणसाकरितां चूल कोण पेटवणार? तेव्हां अशा घरीं शेजारच्या घरून एक वाटी कालवण जाईल, आणि तें देणारा दहा मिनिटें बसून येईल, तर त्या वाटींत दोन उपचार गेले असें समजावें.

दारूविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. मन हलकें व्हावें म्हणून मनुष्य पेला उचलतो. घटकाभर हलकें वाटतें. पण दारू झोंप मोडते, मन अधिक खिन्न करते, ब-१ व फोलिक ॲसिड यांची शरीरांत उणीव पाडते, आणि मनोविकाराच्या औषधांशीं तिचें मुळींच पटत नाहीं. आपल्या समाजांत लग्नापासून मयतापर्यंत पेला पुढें करण्याची चाल आहे. जो मनुष्य नको म्हणतो, त्याला “एकानें काय होतें” असें म्हणून आग्रह करूं नका. तो कशाशीं झुंजत आहे तें तुम्हांस ठाऊक नसतें.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी. संत योहान बाप्तिस्ता यांच्या नांवाचें एक पिवळ्या फुलांचें झुडूप युरोपांत आहे. २४ जूनच्या त्यांच्या सणाच्या सुमारास तें फुलतें, म्हणून हें नांव. त्याच्या गोळ्या सौम्य विषादरोगांत कांहीं प्रमाणांत गुणकारी ठरल्या आहेत, आणि परदेशांतून आपल्याकडेहि येतात. परंतु मनोविकाराच्या औषधाबरोबर त्या घेतल्या तर जिवावर बेतूं शकतें. रक्त पातळ करणाऱ्या व इतर कित्येक औषधांचा गुणहि त्या कमी करतात. नांव संताचें आहे म्हणून वस्तु निरुपद्रवी आहे असें होत नाहीं. ड जीवनसत्त्व मर्यादेबाहेर घेतल्यास रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा होते; ब-६ मोठ्या मात्रेंत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतु दुखावतात. ज्यांना लिथियम हें औषध चालू आहे त्यांनीं आपल्या मनानें मीठ तोडूं नये व पाण्यावांचून उपास करूं नये. त्यानें औषध रक्तांत सांचून विषासारखें होतें. आपण जी कोणतीहि भुकटी, काढा किंवा गोळी घेतां, ती डॉक्टरांस दाखवा, संकोच करूं नका. आणि सर्वांत महत्त्वाचें: बरें वाटूं लागलें, किंवा कोणीं नवा डबा आणून दिला, म्हणून चालू औषध एकाएकीं बंद करूं नका. औषधाचा गुण दिसावयास कित्येक आठवडे लागतात, आणि तें थांबवावयाचें तेंहि डॉक्टरांच्या सल्ल्यानें, हळूहळू.

उपवासाविषयीं आम्हांस पुष्कळजण विचारतात. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवशींचा उपवास धर्मसभेनें अठरा पुरीं झालेल्यांपासून साठावें वर्ष लागेपर्यंतच्या लोकांस लावून दिला आहे. आणि आजारी मनुष्याला त्यांतून मोकळीक आहे, ही फार जुनी शिकवण आहे. विषादरोगी हा आजारी मनुष्यच होय. ज्याची भूक आधींच मेली आहे, ज्याला आपण शिक्षेस पात्र आहों असें रोगामुळेंच वाटत आहे, त्यानें उपाशी राहून स्वतःला आणखी दंड करूं नये. शंका असेल त्यानें धर्मगुरूंस विचारावें; ते त्याला जेवावयासच सांगतील, अशी आमची खात्री आहे.

शेवटीं, खाऊं कसें घालावें? “खा, खा” म्हणून पाठीस लागल्यानें रोगी खात नाहीं. ताट भरून पुढें ठेवलें तर त्याला त्याची भीति वाटते. थोडें, पण वेळेवर द्यावें. शक्य तर त्याच्याबरोबर बसून आपणहि जेवावें. नाहीं म्हटलें तर रागावूं नये, दोन तासांनीं पुन्हां विचारावें. औषधाच्या पहिल्या दिवसांत मळमळ होते, तेव्हां पेज, दहीं-भात, केळें असें हलकें अन्न चालतें. एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम केलेला तो पुरुष जिवाला कंटाळून रानांत एका झुडपाखालीं पडला व मरण मागूं लागला. देवदूतानें त्याला धीर सोडल्याबद्दल बोल लावला नाहीं, पराक्रमाची आठवणहि करून दिली नाहीं. त्याला हात लावून उठविलें, भाकर व पाणी पुढें ठेवलें, पुन्हां झोंपूं दिलें, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हां जेवूं घातलें. पुढचा लांबचा प्रवास त्यानंतरचा. आमच्या बहिणीच्या दुखण्यानंतर ही गोष्ट वाचली, तेव्हां आम्हांस कळलें कीं आम्हीं भाकर दिली, पण हात लावला नव्हता. ती काय सोशीत आहे तें एकदांहि विचारलें नव्हतें.

म्हणून या महोत्सवाची आठवण म्हणून एक निश्चय करावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या वाडींत जो मनुष्य हल्लीं दिसेनासा झाला आहे, त्याच्या घरीं या आठवड्यांत जावें. रिकाम्या हातानें जाऊं नये. आणि डबा देऊन उलट्या पावलीं परतूंहि नये. बसावें, विचारावें, ऐकावें. मरणाचा विचार येतो काय, हें सरळ विचारण्यास भिऊं नये. विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट रोग्याला बोलावयास वाट मिळते. आणि मग त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावें. रात्रींअपरात्रीं अडचण पडली तर भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक दारामागें लिहून ठेवावा.

आमची बहीण आज या मंडपांत, बायकांच्या बाजूस, बसलेली आहे. तिच्या परवानगीनेंच आम्हीं ही गोष्ट सांगितली. ती आजहि गोळी घेते, ब-१२ चें इंजेक्शन ठरल्या वेळीं घेते, आणि रविवारच्या जेवणाकरितां वाल सोलावयास बसलेल्या बायकांत काल दुपारीं तिचाहि हात होता. पोस्टाचें पुस्तक व जपमाळ पुतणीनें तिला केव्हांच परत केलीं. कर्णफुलें मात्र तिनें पोरीच्या कानांतच राहूं दिलीं.

 रविवारच्या जेवणाला आपण सर्वांनीं यावें, आणि येतांना एकाला सोबत आणावें.